येवल्याची खेच

"खेचू नकोस!" अण्णा दगडी बांधावरून ओरडले, पण समोरून येणाऱ्या वाऱ्यानं शब्द त्यांच्याच तोंडात परत कोंबले.

नेदरलँड्समधला एप्रिल. समुद्राचं पाणी बर्फासारखं होतं आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्यांची लेक काइटबोर्डिंगला, पतंगाच्या ओढीनं फळीवरून लाटा कापायला, उतरली होती. अचानक वाऱ्याचा झोत आला, पायातली फळी सुटली आणि आभाळातला तो खोलीएवढा पतंग तिला पाण्यातून फरफटत थेट बांधाच्या दगडांकडे आणू लागला. हातातला दांडा सोडला की पतंगाचा जोर जातो, हे तिनंच सकाळी अण्णांना समजावलं होतं. आता मात्र ती तो दांडा दोन्ही हातांनी छातीशी ओढत होती, आणि जितकी ओढत होती तितका पतंग चेकाळत होता.

ही खेच अण्णांनीच शिकवलेली. येवल्यातल्या गच्चीवर, संक्रांतीला. "ताण आला की खेचायचं. ढील भित्रे देतात."

दगड जवळ आले. तिची नजर क्षणभर वर बांधाकडे गेली. अण्णांनी दोन्ही हात उंच केले आणि आवळलेल्या मुठी एकदम उघडल्या, मांजा गुंडाळलेली आसारी मोकळी सोडावी तशा.

तिनं दांडा सोडला. पतंग पाण्यावर लोळला.

कंबरभर पाण्यात शिरून अण्णांनी तिला धरलं. ओठ निळे पडले होते, तरी ती हसली. "अण्णा, तुम्ही ढील दिलीत?"

"येवल्यात कुणाला सांगू नकोस," अण्णा म्हणाले.