टांगलेल्या सायकलचं चाक

घाटातल्या लांब सायकल राइडसाठी दिगांबरनं उन्हाळाभर गोरेगावच्या चढावर सराव केला होता. राइडला निघाला तेव्हा पाण्याची बाटली घरीच राहिली, म्हणून बायकोनं, राधिकानं मागून हाक मारली. तो वळूनही न बघता गेला.

राइड पुरी करून, गळ्यात मेडल घालून तो परतला आणि सायकल भिंतीला टांगली. त्या दिवसापासून तिचं मागचं चाक आपोआप फिरू लागलं. हळू, जड, चढ चढल्यासारखं.

"वारा असंल," राधिका म्हणाली.

"वारा न्हाई," सासू चांगुणाबाई फणकारली. "जाणाऱ्याला मागून हाक मारतेत का? एवढी शिकलीस काहून मग? आता ती हाक ऐकून येऊन राहिलं कुणीतरी."

राधिकानं चाक थांबवायला हात नेला, की दिगांबर तिचं मनगट पिरगाळायचा.

आज भरदुपारी चाक एकदम सुसाट सुटलं, उताराला लागल्यासारखं. पाळण्यातलं लेकरू दचकून रडायला लागलं. मग चाक थांबलं, आणि बाहेर अंगणात कुणीतरी सायकल स्टँडवर लावली.

राधिका पाळण्याकडं धावली. दिगांबरनं लेकरू आधीच उचललं होतं. तो चांगुणाबाईच्या मागोमाग आतल्या खोलीत शिरला, कडी लावली आणि आतून म्हणाला,

"बोलावलंस तू. दार बी तूच उघड."