पिवळी टोपी

सुनेच्या रक्तात थॅलेसेमियाचा अंश निघाला होता. नवऱ्याच्याही निघाला तर पोटातल्या बाळाला रक्त कमी होत जाण्याचा तो आजार होण्याची भीती होती. म्हणून आज तिघं दवाखान्यात आली होती, त्याच्या तपासणीला. सुईच्या नुसत्या कल्पनेनेच त्याला दरदरून घाम फुटला होता. पण सुनेचा जीव टांगणीला लागला होता तो सासूबाईंमुळे. एरवी घटकाभर तोंड न मिटणाऱ्या बाई सकाळपासून गप्प होत्या; बाळासाठी जपलेली पिवळी लोकरीची टोपी चाचपत होत्या. "माझं डोकं एवढंसं होतं!" नवरा उसनं हसून म्हणाला. नर्सने दंडाला पट्टा बांधत विचारलं, "घरात एखादं मूल फिकट पडत जाऊन दगावलंय?" "छे, मी एकुलता एक." "टोपी तुझी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या थोरल्या बहिणीची आहे." मग स्वतःची बाही वर सरकवली. "माझंही रक्त घ्या. ती गेली तेव्हा सगळ्यांनी माझ्या दुधाला बोल लावला होता."