सौजन्याचे पाच किलो

बेटावरच्या नऊ आसनी विमानात चढण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन होई. काट्यापाशी बसणारा कारकून बायकांचं वजन सौजन्य म्हणून पाच किलो कमी लिहायचा, आणि जुना वैमानिक ते पाच किलो मनातल्या मनात पुन्हा धरून घ्यायचा. वीस वर्षं कंपनी अशी सुखरूप उडाली. आज मात्र वैमानिक नवा होता, कागदावर विश्वास ठेवणारा. आणि काट्यावर होती कारकुनाची बायको, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. खोटं लिहावं तर विमान धोक्यात, खरं लिहावं तर संसार. "बहात्तर," तो पुटपुटला. "अहो, मागच्या महिन्यात सदुसष्ट होते ना मी?" "मला तू तेवढीच दिसतेस गं." बायको चक्क लाजली. कारकुनानं सुटकेचा निःश्वास टाकला. रांगेतल्या शेजारीणबाई कौतुकानं पुढे सरकल्या. "कमालच आहे, भावजी! दवाखान्यात माझंही वजन तुमच्या काट्यापेक्षा नेमकं पाच किलो जास्त भरतं!"