झिजलेली पुली

भागवतनं बॉनेट उचललं आणि आत डोकं घातलं. बेल्ट कडेनं उसवला होता, त्याचे धागे लोंबत होते.

"स्टिअरिंग एकदम जड झालं बघ," मागून बसलिंगप्पा म्हणाले. "बॅटरीचा लाल दिवाबी लागला. म्हून हितंच फाट्यावर थांबलो. लवकर कर बाबा. हिचं डायलिसिस हाय लातूरला. टायम चुकला तर मशीन दुसऱ्याला देतेत."

गंगम्माकाकू पुढच्या सीटवर दार उघडं ठेवून बसल्या होत्या. पाय सुजले होते, म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या. निलंग्याहून लातूरला जाताना हे तोंडओळखीचं जोडपं भागवतच्या गॅरेजसमोरून नेहमीच जायचं, पण थांबायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

भागवतनं टेन्शनरवर पाना लावून बेल्ट ढिला केला आणि काढून टाकला. बेल्ट ताणून धरणं हे टेन्शनरचं काम, पण त्याची पुली बोट लावताच पडायला आलेल्या दातासारखी हलली. शेजारची, बेल्टला नुसती वाट दाखवणारी आयडलर पुली त्यानं फिरवून पाहिली. ती खरखरत अर्धा फेरा गेली आणि अडकली. बेअरिंग पार जळून निळं पडलं होतं.

"आप्पा, हे कवापासून वाजून राहिलं?" त्यानं वाकूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. म्हातारा ताठ दिसतोय, असं मनात म्हणत भागवतनं डोकं बाहेर काढलं आणि तोंडासमोर तोंड आणून पुन्हा विचारलं.

बसलिंगप्पांनी बायकोकडे पाहिलं.

"चिंऽऽव करायची," काकूंनी आवाज काढून दाखवला. "सकाळी चालू केली की जास्ती. नंतर नंतर तर खडखडच."

भागवतला हसू आलं. गाडीवाला आला की आधी तोंडानं गाडी वाजवून दाखवतो, हा गॅरेजचा रिवाजच. एकेक जण असा काही आवाज काढतो की नाटकात घ्यावा. पण नवरा गाडी चालवणार आणि आवाज बायको काढणार, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"आप्पा, लई दिवसांपासून बोंबलत असंल ही. भर रस्त्यात बेल्ट तुटला असता म्हंजी? स्टिअरिंगला जोर ह्या बेल्टाचाच, वळणावर वळता वळलं नसतं."

"व्हय, व्हय," बसलिंगप्पा म्हणाले आणि नको तेवढं हसले.

समोरच्या दुकानातून भागवतनं नवा टेन्शनर, पुली आणि बेल्ट मागवला. बोल्ट गंजले होते. एकानं त्याचा चांगलाच घाम काढला. शेवटी बेल्ट सगळ्या पुल्यांवर नीट बसला. बोटानं ढकलून पाहिला, मनासारखा ताण आला होता. त्यानं बॉनेट आदळून बंद केलं, हात पुसले आणि चालू करून बघायला ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

बसलिंगप्पा खिडकीशी आले. चेहरा खुलला होता.

"वा! गेला बघ आवाज. कशी मऊ चालून राहिली!"

चावी अजून भागवतच्या हातात होती. गाडी चालूच झाली नव्हती.

त्यानं काकूंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. बसलिंगप्पा मात्र खुशीत पुढे गेले आणि फडक्यानं समोरची काच पुसू लागले. आवाज कमी करायची काही गरज नव्हती, तरी भागवत हळू बोलला.

"काकू, आप्पांला ऐकूच येत न्हाई?"

"आमच्या सोमेशला सांगू नको," त्या लगेच म्हणाल्या. "लेक हाय, पण तापट हाय. गाडी इकून टाकील. मग मला कोण नेणार? यष्टीत माझ्यानं बसवत न्हाई रे आता."

"आवो, पण रस्ता कसला हाय! उसाचे ट्रॅक्टर, ट्रक..."

"मी हाय की. मागून हॉर्न वाजला की ह्यांच्या गुडघ्याला हात लावते. डाव्या अंगानं कोण आलं तर चिमटा घेते. एक हॉर्न चुकू देत न्हाई मी."

"मग हे एवढं बोंबलत होतं, ते न्हाई का सांगायचं?"

"गाडीच्या आतलाबी आवाज सांगायचा असतो, हे मला काय ठावं?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं गाड्या अशाच वाजतेत. हॉर्न तेवढा ऐकायचा, असं आमचं ठरलं होतं."

भागवतला राग यावा तर कुणाचा? त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. कुठे चिरका सूर नाही, खडखड नाही. काम चोख झालं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्याचं वाईट वाटलं. गाडी बंदच पडून राहिली असती तर बरं झालं असतं.

तो खाली उतरला, पण इंजिन बंद करून चावी काढूनच. काच पुसून झालेले बसलिंगप्पा समोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला.

"दे बाबा. उशीर होऊन राहिला हिला."

भागवतनं चावी दिली नाही. तो उघड्या दारातून काकूंकडे वाकला.

"जाताना ऐकायला तुमी हाव. आन् येताना?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी नवऱ्याच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं.

"येताना अंगात जीव कुठं असतो, भागवत? लातूर सुटलं की मला झोप लागती."