तिसऱ्या वर्षाची भाजी

"अजून वीतभर खोल हवं," मोजणीदार म्हणाला आणि त्याने पुन्हा कुदळ उचलली.

बायको चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होती. सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत अंथरूण न सोडणारा हा माणूस आज सकाळपासून परसात चर खणत होता. तोही दोरी लावून, टेपने मोजून. दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात जन्म गेला की असं होतं.

लग्नाच्या चौदा वर्षांत त्यांची नऊ गावं झाली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी हिची बाग डब्यांत. कोथिंबीर, मिरची, फार तर पुदिना. एकदाच तिने जमिनीत गुलाब लावला. पहिली कळी धरली आणि बदली आली. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. या गावात, या घरात मात्र तिचा जीव गुंतला होता आणि नेमकी आता बढतीबरोबर बदली होणार म्हणून सगळं ऑफिस बोलत होतं. रिकामी खोकी तिने माळ्यावरून काढूनही ठेवली होती.

मोजणीदाराने ओल्या गोणपाटातून मुळांचे झुपके काढले. पांढरट, लांब, कोळ्याच्या पायांसारखे. शतावरी आहे, तो म्हणाला, हिचे कोंब खातात.

"कुठल्या डब्यात लावू?" तिने सवयीने विचारलं.

डब्यात जमत नाही, तो म्हणाला. हिची मुळं खोल जातात आणि एकदा बसली की तिला हलवलेलं खपत नाही. चरात मधोमध मातीचा लहान वरंबा करून त्याने एक झुपका दोन्हीकडे मुळं पसरून त्याच्यावर बसवला आणि वर चार बोटं माती लोटली.

आशा करायचीसुद्धा तिला भीती वाटत होती.

"कापायची कधी?"

"यंदा नाही. पुढच्या वर्षीही हात लावायचा नाही. तिसऱ्या वर्षी."

"तिसऱ्या वर्षी इथे कोण असणार आहे?"

तो उकिडवा बसून मातीतले खडे वेचत राहिला. महत्त्वाचं काही बोलायचं म्हटलं की याच्या तोंडाला कुलूप लागत असे.

"शुक्रवारी साहेबांना नाही म्हणून आलो," शेवटी तो म्हणाला. "बढती नको, बदलीही नको. आणि येताना घरमालकिणीला हो म्हणालो. हे घर ती आपल्यालाच विकत देतेय."

कप कुठे ठेवला ते तिला कळलंच नाही. चपला काढून ती सरळ चरात उतरली. दोन दिवस हे पोटात ठेवलं म्हणून चांगलं फैलावर घ्यायचं तिच्या मनात होतं, पण हसू आवरेना. ती भराभर झुपके मांडत सुटली. इतके जवळ नको, मध्ये दीड फूट सोड, असं तो सांगत होता. नीट लावली तर वीस वर्षं देते म्हणे. वीस वर्षं! तीनच्या पुढे मोजायची तिला सवयच नव्हती.

सगळे झुपके लागले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीने माखले होते. ती उठली आणि कुंपणाकडच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"अहो, फणस किती वर्षांनी धरतो?"

"सात-आठ तरी."

"मग कुदळ खाली ठेवू नका."