मंडूकपर्णीचा लेप

लेपाची डबी पुढे करत सून तृप्ती म्हणाली, "आई, यात मंडूकपर्णीचा अर्क आहे. त्वचेतलं कोलाजेन वाढतं, वय दिसतच नाही." हरिनाम सप्ताहात आपल्याला कुणी आजी म्हणू नये, एवढ्यासाठी वैजयंताबाईंनी तो लेप चेहऱ्याला नेमानं चोपडला.

तापीकाठच्या मंडपात त्या खुर्चीवर टेकणार, तोच स्वयंसेवक म्हणाला, "ताई, खुर्च्या आजीलोकांसाठी आहेत. तुम्ही खाली बसा ना."

बाई हरखून सतरंजीवर बसल्या. टाळ-मृदंग रंगात आले, बुवा देहाची आसक्ती सोडा म्हणाले, पण बाईंचं सारं ध्यान ठणकत्या गुडघ्यांत. आरतीला सगळे उभे राहिले. त्यांना काही उठता येईना.



त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकट्या, लेपाचं गुपित ठाऊक असलेल्या शेजारीण गोदाबाई खुर्चीवरून उठल्या आणि हात देत म्हणाल्या, "उठा ताई. उरलेला लेप आता गुडघ्याले लावा."