विल्कोची टपली

विल्कोने विमानाभोवती पुन्हा एक फेरी मारली. चाकाला लाथ मारून पाहिली, शेपूट हलवून पाहिलं. कुठेच खोट निघेना, तेव्हा त्याने आभाळाकडे तोंड केलं.

"आज बुर्या सुटणार," तो म्हणाला. "या वाऱ्यात हे खेळणं टिकायचं नाही."

त्याची मुलगी नेवा चार्जिंगची केबल गुंडाळत होती. ती उठून त्याच्या पुढ्यात आली.

"नानोस डोंगराच्या डोक्यावर ढगाची टोपी तरी दिसतेय का बाबा? थंडी सरल्यापासून रोज तुमची बुर्या सुटतेय! चला, बसा आत."

आमच्या विपावा खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना उडायला विल्कोनेच शिकवलं. त्याची रीतच न्यारी. कानावर हेडफोन नाही, ते म्हणे लाडावलेल्यांचं काम. रेडिओवर बोलायचं ते शिकणाऱ्याने. बाकी सगळी शाळा टपलीवर. गुडघ्यावर एक टपली म्हणजे नाक खाली घे, दोन म्हणजे सोड, आता मी बघतो. इंजिनाच्या त्या थडथडाटात दुसरं चालणार तरी काय? लग्नात वाइन चढली की त्याचे जुने चेले अजूनही एकमेकांच्या गुडघ्यावर टपल्या मारून हसतात.

यंदा मात्र क्लबने विजेवरचं विमान घेतलं. धावपट्टीशेजारच्या गावाला पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज सोसवेना, म्हणून यापुढे शिकवणी फक्त या बिनआवाजाच्या विमानावर, असं ठरलं. क्लबची प्रमुख नेवाच. मास्तरकी टिकवायची तर विल्कोला एकदा तिला शेजारी बसवून, तिला नवशिकी समजून या विमानात शिकवून दाखवायचं होतं. म्हाताऱ्याला जमणार नाही, दुसरा माणूस बघा, असं क्लबातले काही जण उघड म्हणत होते. नेवा त्यांच्याशी भांडत होती. आई गेल्यापासून बापाजवळ ही मास्तरकीच उरली होती. ती गेली तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, या काळजीने तिला झोप लागत नव्हती.

आणि हा पठ्ठ्या टाळत होता. "केस वाळवायच्या यंत्राला पंख लावले म्हणून त्याचं विमान होत नाही," असं भेटेल त्याला ऐकवत होता. म्हातारा हट्टाला पेटलाय, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

चाकांनी गवत सोडलं तेव्हा नेवाने रोखलेला श्वास सोडला. बापाचा हात तोच होता. दुधावरची साय उचलावी तसं त्याने विमान अलगद वर घेतलं. द्राक्षांचे मळे खाली गेले, चावेनचा कडा जवळ आला. मग त्याने विमान तिच्या हाती दिलं. पण त्याला चैन नव्हतं. नजर काट्यांवर, लगेच बाहेर, पुन्हा काट्यांवर. हरवलेलं काहीतरी बुडाखाली शोधत असल्यासारखा तो जागेवर सारखा सरकत होता. जुन्या विमानाची थरथर त्याच्या पाठीला सगळं सांगायची. हे विमान थरथरतच नव्हतं.

नेवाने मोटारीचा जोर कमी केला. आता वाऱ्याची सळसळ तेवढी राहिली. लहानपणापासून ती या माणसाशेजारी बसून उडत आली होती, पण आभाळात त्याच्याशी बोलता येईल असा हा पहिलाच दिवस.

"बाबा," ती म्हणाली, "माझं ठरलं. शाळा तुमचीच. खाली उतरलो की सही करते."

विल्को समोर बघत राहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"ऐकलंत ना? तुमचीच आहे शाळा."

उत्तर म्हणून गुडघ्यावर टपली आली. नाक खाली.

नेवाचं डोकं सणकलं. ज्याच्यासाठी सगळ्या क्लबाशी वैर घेतलं, त्याला एक शब्द जड व्हावा? तिने मुकाट्याने नाक खाली घेतलं. धावपट्टी दिसू लागली तशा दोन टपल्या आल्या. तिने हात सोडले. विल्कोने विमान असं टेकवलं की गवतालाही कळलं नसेल.

बाहेर पडताच तो टोपी चुरगाळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता सांगून टाक एकदाचं," तो म्हणाला. "ठेवतेस की काढतेस मला?"

नेवाला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. परीक्षेचा निकाल मागणाऱ्या पोरासारखा तो घाबरला होता आणि तिच्या ओठांकडे बघत होता. तो नेहमी ओठांकडेच बघायचा. ही गोष्ट तिला आज पहिल्यांदा दिसली.

केबल लावायच्या निमित्ताने ती त्याच्या मागे गेली. वर विमानात बोलली होती तेवढ्याच आवाजात म्हणाली, "बाबा, शाळा तुमचीच आहे."

तो टोपी चुरगाळत तसाच उभा होता, समोर धावपट्टीकडे बघत.

नेवाला रडू आवरेना. डोळे पुसून ती पुढे आली आणि तिने त्याचे दोन्ही दंड धरले.

"कधीपासून?" ओठ सावकाश हलवत तिने विचारलं.

विल्कोने मान खाली घातली. मग म्हणाला, "आता ठेवू नकोस मला."

हँगरच्या दारातून जुनं पेट्रोलचं विमान दिसत होतं, विकायला काढलेलं. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"त्याच्यात बरं होतं, पोरी," तो म्हणाला. "इंजिन सुरू झालं की सगळेच बहिरे व्हायचे. मी एकटा नसायचो."